परळची प्रयोगशाळा आणि बधिर चट्टा

कुष्ठरोगात शरीराचं जे नुकसान होतं, त्यातलं बरंचसं जंतू करत नाही, शरीरच करतं. हे कळायला विज्ञानाला शंभरेक वर्षं लागली आणि त्या शोधाचा एक महत्त्वाचा तुकडा मुंबईत, परळला घडला. आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांपर्यंत मात्र ही गोष्ट अजून नीट पोचलेली नाही.

आमच्याकडे ऐकू येतं ते असं: अमक्यानं सरकारी गोळ्या सुरू केल्या, चार महिन्यांत चट्टे लाल होऊन सुजले, हात दुखायला लागला. ‘औषध उष्ण पडलं’ म्हणून त्यानं गोळ्या सोडल्या. पुढे बोटं वाकली आणि दोष गोळ्यांच्या माथी गेला. ती सूज बहुतेक वेळा औषधाची नसतेच. इतके दिवस गप्प असलेलं शरीर जंतूंवर तुटून पडतं, त्याची ती खूण असते.

१८७३मध्ये नॉर्वेच्या हान्सेन यांना कुष्ठरोगाचा जंतू दिसला. पण तो प्रयोगशाळेत वाढेना, आजही वाढत नाही. दुसरं कोडं असं की, जंतू एकच असताना एकाच्या अंगावर दोन-तीन बधिर चट्टे उठतात आणि त्यात जंतू शोधून सापडत नाहीत, तर दुसऱ्याच्या अंगभर गाठी येतात आणि त्या जंतूंनी गच्च भरलेल्या असतात. १९६६मध्ये रिडली आणि जॉपलिंग यांनी या साऱ्या प्रकारांची एक सलग पट्टी मांडली. तिच्यावर रुग्णाची जागा कोणती, हे ठरतं ते त्याच्या प्रतिकारशक्तीवरून.

परळचं काम याच कोड्याशी भिडलेलं होतं. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे कर्करोगाचे विकृतिशास्त्रज्ञ. त्यांनी कुष्ठरोग्यांची त्वचा आणि नसा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि हा रोग मुळात नसांशी जोडलेला आहे, हे दाखवलं. १९५८मध्ये त्यांनी, डॉ. कमल रणदिवे आणि डॉ. बापट यांनी एका रुग्णाच्या गाठीतून मिळालेला जंतू मानवी चेतापेशींच्या संवर्धनाच्या आधारे वाढवल्याचं जाहीर केलं. ‘इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर’वरून त्याचं नाव पडलं ‘आयसीआरसी’ जंतू. पुढे कळलं की, तो खुद्द कुष्ठरोगाचा जंतू नसून त्याच मायकोबॅक्टेरियम कुळातला दुसराच आहे.

पण भावकीतला असला तरी त्याचा उपयोग झाला. १९७९मध्ये त्याच संस्थेत डॉ. मा. ग. देव आणि सहकाऱ्यांनी किरणोत्सर्गानं मारलेल्या या जंतूंची लस तयार केली. गाठी असलेल्या रुग्णाला लेप्रोमिनची चाचणी-सुई टोचली, तर त्वचेवर काही उमटत नाही, कारण शरीर या जंतूला ओळखतच नाही. ही लस दिल्यावर अशा काही रुग्णांची त्वचा प्रतिसाद देऊ लागली. १९९१पासून चेन्नईजवळ १ लाख ७१ हजारांहून अधिक लोकांवर वेगवेगळ्या लशींची तुलनात्मक चाचणी झाली. तिच्यात या लशीनं ६५.५ टक्के संरक्षण दिलं, तर एकट्या बीसीजीनं ३४.१ टक्के.

शरीराला जागं करणं ही झाली एक बाजू. ते अनावर झालं तर काय, ही दुसरी. १९६४मध्ये जेरुसलेमच्या डॉ. शेस्किन यांनी एका रुग्णाला निव्वळ झोप लागावी म्हणून थॅलिडोमाइड दिलं. अर्भकांमधल्या व्यंगांमुळे हे औषध तोवर बदनाम झालं होतं. पण त्या रुग्णाच्या अंगावरच्या दुखऱ्या गाठी झपाट्यानं ओसरल्या. १९९१मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यामागचं एक कारण दाखवलं. पेशी एकमेकींना ‘टीएनएफ’ नावाच्या प्रथिनातून दाहाचा निरोप धाडतात आणि थॅलिडोमाइड त्या प्रथिनाची निर्मिती कमी करतं. हाच निरोप अडवणारी वेगळी औषधं आज सोरायसिसमध्ये वापरतात.

२००५च्या अखेरीस देशपातळीवर कुष्ठरोगाचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. त्या निर्मूलनाचा अर्थ होता दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण. आजही भारतात दरवर्षी लाखाच्या घरात नवे रुग्ण सापडतात. परळची लस मात्र नेहमीच्या लसीकरणात कधी आली नाही.

गोळ्या जंतू मारतात, पण मेलेल्या जंतूंचे अवशेष शरीरात बराच काळ राहतात आणि शरीर त्यांच्याशीही झुंजतं. म्हणून अशी सूज उपचार चालू असताना येते, तशी ते संपल्यावरही येते. तेव्हा गोळ्या चालूच ठेवायच्या आणि सोबत डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड घ्यायचं असतं. नस नुकतीच दुखावली असेल तर ती वाचण्याची आशा असते; सहा महिने उलटले की ती फार कमी उरते. गोळ्यांचं पाकीट हातावर ठेवतानाच रुग्णाला एवढं सांगितलं पाहिजे: चट्टा सुजला, हातापायाची शक्ती कमी वाटली, तर गोळ्या सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात या. बोटं वाकायची की सरळ राहायची, हे पुष्कळदा या दोन वाक्यांवर ठरतं.