शिदोरी होती, पाणी नव्हतं

सुट्टीच्या प्रवासाला निघताना आपण घरचं बांधून घेतो. लॉजच्या खोलीत वर्तमानपत्र पसरून दशम्या-चटणी खातो. पैसे वाचतात, आमच्यासारख्या घरांत हलालची काळजीही मिटते. पण नुसत्या शिदोरीनं भागतंच असं नाही.

१९०१ सालची उन्हाळी सुट्टी. वडिलांनी बोलावलं म्हणून बालवयातले भीमराव आंबेडकर घरातल्या मुलांबरोबर साताऱ्याहून खटाव तालुक्यातल्या गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनावर उतरल्यावर, मुलं महार आहेत हे कळताच गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडं देऊन, गाडी स्वतः हाकायच्या अटीवर बैलगाडी मिळाली. टोपलीत खाणं भरपूर होतं; प्यायला स्वच्छ पाणी नव्हतं. रात्री टोलनाक्यावर भीमरावांनी मुसलमान असल्याचं भासवून उर्दूतून पाणी मागितलं. तरीही मिळालं नाही. मुलं उपाशीच झोपली. बाबासाहेबांनी ही हकिकत पुढं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहिली.

उर्दू माझ्या घरातली भाषा. एका तहानलेल्या पोरानं तिचा आसरा घेतला आणि ती कामी आली नाही, हे वाचताना मला दर वेळी गलबलून येतं. शिदोरी घरून नेता येते. पाणी मात्र वाटेवरच्या माणसानंच द्यावं लागतं.