प्रवाहाविरुद्धची पकड

म्युनिकमधले बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशेरिश यांनी १८८५ मध्ये तान्ह्या बाळांच्या शौचातून एक जंतू वेगळा काढला. निरोगी बाळांच्या आतड्यातही तो मुबलक सापडायचा, म्हणून तो निरुपद्रवी वाटला. पण दहा वर्षांच्या आतच मूत्राशयाच्या दाहाने आजारी पडलेल्या मुलांच्या लघवीत एशेरिश यांना हाच जंतू दिसला. पुढे त्याला त्यांचंच नाव मिळालं आणि आज तो ई. कोलाय म्हणून घरोघरी माहीत आहे. युरिन इन्फेक्शनच्या बहुतेक साध्या रुग्णांमध्ये दोषी ठरतो तो हाच.

आतड्यातला जंतू लघवीत पोचतो कसा, हे कळायला फार वेळ लागला नाही. स्त्रियांमध्ये गुदद्वार आणि मूत्रद्वार जवळजवळ असतात आणि मूत्रनलिका आखूड असते, त्यामुळे त्यांना हा त्रास अधिक होतो. खरा प्रश्न त्यापुढचा होता. किडनीत लघवी अखंड तयार होत असते, ती खाली मूत्राशयात उतरते आणि दिवसातून अनेकदा सगळी बाहेर फेकली जाते. या प्रवाहात जंतू वाहून जायला हवा. तो टिकतो कसा, आणि धारेच्या उलट दिशेने किडनीपर्यंत चढतो कसा?

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यकाचं लक्ष या प्रश्नापेक्षा मोजणीवर होतं. १९५०च्या दशकात बोस्टनमध्ये एडवर्ड कास यांनी एक मिलिलिटर लघवीत एक लाख जंतू ही संसर्गाची सीमारेषा ठरवली. युरिन कल्चरच्या रिपोर्टवर आजही हा आकडा भेटतो. मोजणीने निदान सोपं झालं, पण एवढे जंतू असूनही एक जण तापाने फणफणतो आणि दुसऱ्याला पत्ताही लागत नाही, याचं उत्तर आकड्यात नव्हतं.

उत्तराचा पहिला धागा सापडला तो लघवीत नव्हे, रक्तात. काही ई. कोलाय रक्तात मिसळले की तांबड्या पेशींच्या गुठळ्या होतात, हे शतकाच्या सुरुवातीपासून माहीत होतं. १९५५ मध्ये एडिंबरामध्ये जे. पी. डुगुइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हा अशा जंतूंच्या अंगावर चहूबाजूंनी बारीक, ताठ तंतू दिसले. जंतू पोहण्यासाठी वापरतो त्या शेपट्यांपेक्षा हे वेगळे होते. डुगुइड यांनी त्यांना फिंब्री म्हटलं. तंतू असलेले जंतू पेशींना चिकटतात आणि त्यांतल्या एका प्रकारच्या तंतूंची पकड मॅनोज नावाची साखर घातली की सुटते, हेही लवकरच स्पष्ट झालं.

रुग्णांपर्यंत हा धागा नेला स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी. त्या शहरात १९७०च्या दशकात शाळकरी मुलींच्या लघवीची मोठी तपासणी झाली होती. काही मुलींच्या लघवीत जंतू भरपूर होते, पण ताप नव्हता, जळजळ नव्हती. त्याच शहरात किडनीपर्यंत संसर्ग पोचून आजारी पडलेली मुलंही उपचारासाठी येत होती. दोन्ही प्रकारचे जंतू एकाच प्रयोगशाळेत हाताशी होते. कॅथरिना स्वानबोर्ग-एडेन, लार्स ओके हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी त्यांची तुलना करायचं ठरवलं.

प्रयोग साधा आणि चोख होता. निरोगी माणसांच्या लघवीत मूत्रमार्गाच्या अस्तराच्या सुट्या पेशी उतरतात. त्या गोळा करून स्वच्छ करायच्या, शरीराच्या तापमानाला जंतूंबरोबर ठेवायच्या, मग न चिकटलेले जंतू धुऊन टाकायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ४० पेशींवर किती जंतू बसलेत ते एकेक करून मोजायचे. किडनीच्या तीव्र संसर्गातून आलेले जंतू पेशींवर दाटीने बसलेले दिसले. त्रास नसलेल्या मुलींमधले जंतू बहुतांशी धुतले गेले. १९७६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि संसर्गाची तीव्रता जंतूच्या पकडीशी जोडली गेली.

पकड आहे म्हणजे पकडण्याजोगं काहीतरी पेशीवर असणार. १९८० मध्ये ते दोन गटांना जवळजवळ एकाच वेळी सापडलं. स्वानबोर्ग-एडेन यांनी हाकोन लेफलर यांच्यासोबत, तर स्टॉकहोममध्ये गुनिला केलेनियस आणि सहकाऱ्यांनी हे काम केलं. पेशीच्या आवरणातल्या काही स्निग्ध रेणूंवर साखरेच्या साखळ्या असतात. त्या साखळीतली गॅलॅक्टोजची एक विशिष्ट जोडी हीच जंतूची जागा होती. मूत्रमार्गाच्या अस्तरावर आणि किडनीत ही जोडी आढळते. कार्ल लँडस्टायनर आणि फिलिप लेव्हिन यांनी १९२७ मध्ये शोधलेल्या ‘पी’ रक्तगटाच्या पदार्थांतही ती असते. म्हणून या तंतूंना पी-फिंब्री हे नाव मिळालं.

पुरावा मिळाला तो दुर्मीळ रक्ताच्या माणसांकडून. मुंबईत १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगटाची नोंद केली, हे मराठी वाचकाला ठाऊक असतं. त्या रक्तात एच हा मूळ पदार्थच नसतो. त्याचप्रमाणे ‘पी’ गटाचे पदार्थ मुळीच नसलेली मोजकी माणसंही जगात आहेत. त्यांच्या तांबड्या पेशींना हे जंतू चिकटलेच नाहीत. स्टॉकहोमच्या गटाने १९८१ मध्ये आजारी मुलांचे जंतू तपासले, तेव्हा किडनीच्या तीव्र संसर्गातल्या सुमारे ९० टक्के जंतूंवर पी-फिंब्री होते. निरोगी मुलांच्या शौचातल्या जंतूंमध्ये ते क्वचितच आढळले.

पुढचं काम जनुकांचं. अमेरिकेत स्टॅनली फाल्को यांच्या गटाने हे तंतू घडवणारी जनुकं वेगळी काढली. स्वीडनमधल्या उमेओ इथल्या स्टाफान नॉर्मार्क यांच्या गटाने १९८७ मध्ये दाखवलं की पकडणारं प्रथिन तंतूच्या अगदी टोकाला असतं. त्यामागचा दांडा टेलिफोनच्या जुन्या वायरसारखा पिळाचा असतो. लघवीच्या धारेने ताण पडला की पीळ उलगडतो, तंतू लांबतो आणि टोकाची पकड सुटत नाही. १९९४ मध्ये माकडांवर निर्णायक प्रयोग झाला. टोकाचं एवढं एक प्रथिन काढून टाकलेले जंतू मूत्राशयात राहिले, पण किडनीला दाह झाला नाही.

मूत्राशयातली पकड वेगळी आहे. तिथे मॅनोजला धरणारे तंतू कामाला येतात. अमेरिकेत स्कॉट हल्टग्रेन यांच्या गटाने उंदरांवर दाखवलं की असे जंतू अस्तराच्या पेशींच्या आत शिरून दाटीने वस्ती करतात. औषध घेऊनही आजार पुन्हा का उलटतो, याचं एक कारण त्यातून पुढे आलं. पकड सोडवण्यासाठी मॅनोज प्यायला द्यावा, ही कल्पना साहजिक होती. पण ब्रिटनमध्ये वारंवार संसर्ग होणाऱ्या ५९८ स्त्रियांवर केलेल्या चाचणीत त्याचा उपयोग झाला नाही, असं २०२४ मध्ये जाहीर झालं.

जंतूच्या पकडीची उलट बाजू अधिक फळाला आली. गोथेनबर्गच्या एका मुलीच्या मूत्राशयात ई. कोलायचा एक वाण किमान तीन वर्षं काही त्रास न देता राहिला होता. ८३९७२ या क्रमांकाने तो ओळखला जातो. त्याची तंतू घडवणारी जनुकं निकामी झाली आहेत. मूत्राशय पूर्ण रिकामं न होणाऱ्या रुग्णांमध्ये स्वीडिश डॉक्टरांनी हा वाण मुद्दाम सोडला, तेव्हा त्यांचे त्रासदायक संसर्ग कमी झाले. बिनत्रासाच्या मुलींना औषध न देता नुसतं लक्ष ठेवलं तर बहुतेकींचं काही बिघडत नाही, हेही त्याच शहरातल्या पाठपुराव्यात दिसलं.

या इतिहासातून रुग्णाच्या उपयोगाचा निष्कर्ष निघतो. लघवीत जंतू सापडणं आणि जंतूंनी आजार करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थंडी-ताप, कंबरदुखी किंवा जळजळ असेल तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये आणि अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडू नये. गरोदरपणात त्रास नसतानाही उपचार लागतो. एरवी मात्र काही लक्षण नसताना केवळ रिपोर्टवरचा आकडा पाहून स्वतःहून दुकानातून गोळ्या आणू नका. त्या गोळ्या निरुपद्रवी जंतूंना मारतात आणि त्यांच्या जागी औषधांना न जुमानणारे जंतू येऊन बसू शकतात.