पणजीचे माहेर

नीउ-व्हेनेपला राहणारी आपण मंडळी एका जुन्या तळ्याच्या तळाशी राहतो, हे नव्याने आलेल्यांना सांगितले तर त्यांना खरे वाटत नाही. हार्लेममेअरचे ते अफाट तळे वाफेच्या तीन पंपगृहांनी उपसून १८५२ साली कोरडे केले आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर शेतकरी व मजूर येऊन वसले. गावाला आजचे नाव १८६८ साली मिळाले. त्याआधीचे नाव व्हेनेपरडॉर्प. म्हणजे इथल्या डच शेजाऱ्यांपैकी कोणाचाही खापरपणजोबा 'मूळचा इथला' नाही. सगळेच उपरे, आपण फक्त थोडे उशिरा आलो इतकेच.

पण या उपऱ्यांपैकी कोणालाही विचारा, तो संगणकासमोर बसून तासाभरात आपली पाच-सहा पिढ्यांची माहिती काढून दाखवतो. नेपोलियनच्या अमलात, १८११ पासून, या देशात जन्म, विवाह आणि मृत्यूची सरकारी नोंद सर्वत्र सुरू झाली. जन्माचा दाखला शंभर वर्षांनी, विवाहाचा पंचाहत्तर वर्षांनी आणि मृत्यूचा पन्नास वर्षांनी सर्वांसाठी खुला होतो. यातले बहुतेक दाखले आज घरबसल्या शोधता येतात. मला सर्वांत नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. या दाखल्यांत बाई जन्मापासून मृत्यूपर्यंत आपल्या माहेरच्याच नावाने राहते. लग्नाने तिचे नाव पुसले जात नाही.

आमच्या घरी छापील वंशावळ आहे. त्यात नऊ पिढ्यांचे पुरुष ओळीने उभे आहेत. बायकांची नावे कंसात, तीही सासरची. माहेरचे नाव नाही, गाव नाही. माझ्या मुलीला इथल्या शाळेत घराण्याचा वृक्ष काढायचा होता, दोन्ही बाजूंचा. तिने विचारले, "बाबा, पणजोबांच्या आईचे आईवडील कोण?" आमच्या कुळात त्याचे उत्तर देऊ शकणारे कोणी हयात नव्हते. इंजिनिअरिंगमधली डॉक्टरेट अशा वेळी काही कामाला येत नाही. एक सवय मात्र आली. उत्तर मिळत नसेल तर ती माहिती मुळात कोणी, कशासाठी लिहून ठेवली असेल, हे आधी विचारायचे.

हा प्रश्न मला फार उपयोगी पडला. कागद कोणी प्रेमाने जपत नाही, देण्याघेण्यासाठी जपतो. आपल्या ओळखीतल्या सुरीनामी हिंदुस्तानी कुटुंबांचे पाहा. १८७३ ते १९१६ या काळात चौतीस हजारांहून अधिक माणसे मजुरीच्या करारावर कलकत्त्याहून सुरीनामला नेली गेली. 'लल्ला रूख' हे पहिले जहाज ५ जून १८७३ रोजी पोहोचले. प्रत्येक मजुराचे नाव, बापाचे नाव, वय, गाव, जात आणि जहाज रजिस्टरात लिहिले गेले, कारण मळेवाल्याला आपल्या कराराची माणसे मोजून हवी होती. आज ही नोंद हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या आपल्या मराठी मजुरांचीही अशीच कागदपत्रे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. ज्यांना माणूस म्हणून कोणी मोजले नाही, त्यांची नोंद सर्वांत नीट राहिली, हा इतिहासाचा विचित्र न्याय म्हणायचा.

मग आमच्यासारख्या शेतकरी घराचे देणेघेणे कोणाशी? पहिले सरकारशी, दुसरे तीर्थोपाध्यायांशी.

आमचे मूळ गाव नाशिक जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यात. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने जमिनीच्या हक्कांची नोंदवही आली आणि जमिनीवरचा हक्क बदलला की तलाठ्याच्या दप्तरात फेरफार लिहिला जाऊ लागला. हाच आपला गाव नमुना सहा. नाशिकसह काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख सरकारने स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवले आहेत. तीन रविवार खर्ची घातल्यावर आमच्या गट नंबराच्या मागच्या सर्व्हे नंबराचा १९१९ सालचा फेरफार सापडला. पणजोबा आदल्या वर्षीच्या इन्फ्लुएंझाच्या साथीत वारले होते. वारस म्हणून आजोबांचे नाव, पुढे 'अ. पा. क.', म्हणजे अज्ञान पालन कर्ता, आणि त्यापुढे पणजीचे नाव, 'भ्रतार' म्हणून पणजोबांचे नाव जोडून. आमच्या घराण्यातली ही पहिली बाई, जी कंसाबाहेर आली. तिला तिथे आणले ते नवऱ्याच्या मृत्यूने आणि सरकारच्या शेतसाऱ्याने.

माहेर मात्र त्यात नव्हते. पण साल मिळाले, आणि साल हातात असले की नाशिकच्या उपाध्यायांकडे जाता येते. गावोगावच्या यजमानांच्या नामावळ्या त्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या आहेत, त्याही दक्षिणेच्या हिशेबासाठीच. गेल्या हिवाळ्यात रामकुंडाजवळच्या एका वाड्यात आमच्या गावची वही निघाली. मोडी लिपी, शब्दांत अंतर नाही, मित्तीही शकाची. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन येतो. मात्र वर्ष पाडव्याला बदलत असल्याने पौष ते फाल्गुन या दिवसांत बहुधा एक अधिक धरावा लागतो. गुरुजींनी बोट ठेवून वाचून दाखवले. अस्थिविसर्जनाला आमच्या कुळातले कोणीही आले नव्हते. आजोबा तेव्हा चार वर्षांचे. त्यांना घेऊन आला होता त्यांचा मामा. त्याने आपले नाव, संगमनेर तालुक्यातले आपले गाव, आणि 'बहीण' असे लिहून तिचे माहेरचे नाव घातले होते.

ते नाव मी इथे छापत नाही, ते घरच्यांपाशी राहू दे. पुढचे मात्र सांगितले पाहिजे. त्या गावच्या प्राथमिक शाळेचे जुने जनरल रजिस्टर मुख्याध्यापकांनी काढून दिले. आजोबांचा शाळाप्रवेश त्या गावचा, आणि पालक म्हणून मामा. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगितले जाते की आजोबा स्वकष्टाने, कोणाच्या आधाराविना शिकले. कागद वेगळे सांगतात. विधवा बहीण आणि तिचा पोरका मुलगा यांना एका घराने सांभाळले, शाळेत घातले. आमच्या छापील वंशावळीत त्या घराबद्दल एक शब्द नाही, आणि ते घर नसते तर ती वंशावळ बहुधा तिथेच संपली असती.

महाराष्ट्रात २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी असेच जुने दप्तर धुंडाळले जात आहे. गाव नमुना चौदा म्हणजे जन्म-मृत्यूचे रजिस्टर, विदर्भातले कोतवाल बुक, शाळांची रजिस्टरे, मोडीतले महसुली कागद अशी कितीतरी पाने स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली. आरक्षणाच्या वादात कोणाचे काय मत असेल ते असो, पण कपाटात कुजत पडलेला कागद त्या निमित्ताने उजेडात आला, हा सर्वांचा लाभ आहे. पुन्हा तेच, देणेघेणे निघाले की कागद निघतो.

तेव्हा वाचकहो, यंदा भारतात जाल तेव्हा खरेदीच्या यादीत एक काम वाढवा. सर्वांत वयस्कर आत्या, मावशी किंवा काकूंजवळ एक दुपार बसा आणि आधी बायकांची नावे विचारा, माहेरच्या नावागावासह. पुरुषांची नावे सात-बारावर, कुलवृत्तांतात कुठेतरी सापडतीलच. घरात मोडीतले कागद असतील तर ते रद्दीत जाण्याआधी त्यांचे फोटो काढा. जुन्या सातबाऱ्याचा सर्व्हे नंबर, आजोबांच्या शाळेचे गाव आणि कुळाचे तीर्थोपाध्याय कोण, या तीन गोष्टी कळल्या तरी निम्मे काम झाले.

मुलीच्या वृक्षावर आता संगमनेरकडची एक फांदी आहे. तिच्या शिक्षिकेने विचारले की ही फांदी इतकी उशिरा का आली. मुलीने डचमध्ये उत्तर दिले की आमच्याकडे बायकांना शोधावे लागते. हे वाक्य तिच्या मुलांना म्हणावे लागू नये, एवढी सोय आपल्या पिढीने करून ठेवायला हरकत नाही.