म्हातारपणाचा आधार

भगिनींनो, म्हाताऱ्यांचे पाहायचे ते घरच्यांनीच, सरकारचा तेथे काय संबंध, असे आपण समजत असू. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने आईबापांना मुलांकडे पोटगी मागण्याचा हक्क दिला. पण कोर्टाची पायरी कोण चढणार? १९९५ साली केंद्र सरकारने निराधार वृद्धांना दरमहा ७५ रुपये देण्यास आरंभ केला. पुढे २००७ च्या कायद्याने आईबापांना टाकून देणे गुन्हा ठरला, आणि आपल्याकडे पोटगीचे अर्ज प्रांतसाहेबांपुढे जाऊ लागले.

तरी पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज करताना आईचा हात थरथरतोच. तिला स्वतः जमत नसेल, तर तिच्या संमतीने नोंदणीकृत संस्थाही अर्ज करू शकते. आपले मंडळ नोंदलेले आहे. शेजारची म्हातारी जेवली का, एवढे तरी आपण विचारू या!