भेसळ, दूषण आणि पुरावा : डिझेल इंधनाच्या इतिहासातील एक प्रकरण

शब्दांचा इतिहास लिहिणाऱ्यास वस्तूंच्या इतिहासाकडे वळावे लागते, हा या विभागातील अभ्यासकांचा नेहमीचा अनुभव आहे. प्रस्तुत लेखाचे निमित्त मात्र एका मोटारीचे आहे. काही वर्षांपूर्वी भर पावसाळ्यात लेखकाची डिझेलवर चालणारी मोटार, इंधन भरल्यावर वीस-पंचवीस किलोमीटर अंतर कापून, घाटाच्या पायथ्याशी बंद पडली. मेकॅनिकने फिल्टर उघडताच निदान केले, "साहेब, डिझेलमध्ये भेसळ आहे." हाच शब्द घेऊन लेखक पंपमालकाकडे गेला. मालकाने शांतपणे उत्तर दिले, "त्या दिवशी त्याच टाकीतून इतक्या गाड्या भरल्या, एकाही गाडीची तक्रार नाही." लेखकाजवळ ना नमुना होता, ना पावती. दुरुस्तीचा खर्च अर्थातच पदरचा झाला. पुढे विचार करता असे ध्यानात आले की, चूक केवळ पुरावा न ठेवण्याची नव्हती. ती शब्दाचीही होती.

मराठीत 'भेसळ' हा शब्द दुधात पाणी, तुपात वनस्पती तूप, तुरीच्या डाळीत लाखेची डाळ अशा व्यवहारांत रुळलेला आहे. 1954 च्या अन्न भेसळ प्रतिबंधक कायद्याने त्यास शासकीय प्रतिष्ठा दिली. 'भेसळ होते' असे आपण म्हणत असलो, तरी त्या अकर्मक क्रियापदामागे 'भेसळ करणारा' सदैव उभा असतो. लाभाची इच्छा हा या शब्दाच्या अर्थाचा अविभाज्य भाग होय. उलटपक्षी जमिनीखालील टाकीत झिरपलेले पावसाचे पाणी, किंवा पाणी व डिझेल यांच्या सीमारेषेवर वाढणारी बुरशी, यांत कोणाचा हेतू नसतो. हे दूषण आहे, भेसळ नव्हे. लेखकाच्या फिल्टरच्या तळाशी जे साचले होते ते पाणी होते. 'भेसळ' म्हटल्यामुळे मालकावर अप्रामाणिकपणाचा आरोप झाला आणि तो सिद्ध करण्याचे ओझे आरोप करणाऱ्यावर आले. वास्तविक निष्काळजीपणा दाखवणे पुरेसे होते.

या गोंधळाचे मूळ इंधनाच्या इतिहासात आहे. 'डिझेल' हे मुळात एका माणसाचे नाव. रुडोल्फ डिझेल याला त्याच्या यंत्राचे जर्मन पेटंट 1893 मध्ये मिळाले आणि 1897 मध्ये आउग्सबुर्ग येथे त्याच्या यंत्राची यशस्वी चाचणी झाली. कोणत्याही एका इंधनाचे बंधन या यंत्रावर नसावे, अशीच त्याची कल्पना होती. प्रारंभी कोळशाची भुकटीही त्याने विचारात घेतली होती, आणि 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात अशा प्रकारचे एक यंत्र भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले. म्हणजे जन्मतः हे यंत्र सर्वभक्षी होते. ते चोखंदळ बनले ते पुढे, इंधन फवारणाऱ्या पंपामुळे. बॉश कंपनीने 1927 मध्ये अशा पंपांचे नियमित उत्पादन सुरू केले आणि त्यामुळे हे जड यंत्र लहान वाहनांत बसवणे शक्य झाले. 1936 मध्ये मर्सिडीज-बेंझची 260 डी ही डिझेल मोटार विक्रीस आली. 1997 मध्ये 'कॉमन रेल' पद्धती प्रवासी मोटारीत अवतरली. तीत इंधनाचा दाब वातावरणाच्या दाबाच्या तेराशे पटींहून अधिक असे. आज तो दोन हजार पटींच्याही पुढे गेला आहे. इंजेक्टरमधील हलत्या भागांतील फट अवघी काही मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या एका लहानशा अंशाइतकी असते.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. या पंपास वेगळे वंगण दिलेले नसते. त्यातून वाहणारे डिझेल हेच त्याचे वंगण. रॉकेल डिझेलपेक्षा पातळ आणि वंगणगुणाने हलके. पाण्यात तर वंगणगुण जवळजवळ नाहीच. शिवाय त्याने गंज चढतो. वंगण तुटले की पंपातील धातू घासून त्याचा कीस निघतो, तो नळीतून इंजेक्टरांत जातो आणि परतीच्या वाटेने टाकीतही उतरतो. म्हणूनच एका टाकीभर खराब इंधनाने पंप, इंजेक्टर व नळ्या असा सारा संचच बदलण्याची पाळी येते. त्यातच 1 एप्रिल 2020 पासून भारतात डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दहा लाखांत 10 भागांवर आणले गेले. हवेच्या दृष्टीने हे इष्टच झाले. परंतु गंधक काढताना काही नैसर्गिक वंगणद्रव्येही जातात आणि ती बाहेरून घालावी लागतात. अशा डिझेलात रॉकेल मिसळल्यास उरलेला आधारही क्षीण होतो.

आता रॉकेलाकडे वळू. 'रॉक ऑइल'वरून रॉकेल आणि 'गॅसलाइट'वरून घासलेट अशी व्युत्पत्ती सामान्यतः मानली जाते. दोन्ही शब्द दिव्याच्या व चुलीच्या जगातले, म्हणजे गरिबाच्या घरातले. त्या घरासाठीच शासनाने रॉकेल स्वस्त ठेवले, आणि शिधापत्रिकेवरील रॉकेल ओळखता यावे म्हणून त्यात निळा रंग घातला. परंतु स्वस्त रॉकेल व महाग डिझेल यांच्या भावांतील अंतर हीच भेसळीची खरी जननी ठरली. रंग काढून टाकण्याची युक्ती सापडली. 2006 मध्ये रॉकेलात एक गुप्त ओळखद्रव्य घालण्याचा उपाय योजण्यात आला. तोही अल्पावधीतच सोडून द्यावा लागला.

या व्यवहाराची किंमत केवळ यंत्रांनी मोजलेली नाही. 19 नोव्हेंबर 2005 रोजी उत्तर प्रदेशातील लखीमपूर खीरी जिल्ह्यात इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी षण्मुगम् मंजुनाथ यांचा, भेसळीविरुद्ध कारवाई केल्याबद्दल, खून झाला. महाराष्ट्रावर हा आघात 25 जानेवारी 2011 रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी झाला. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी मनमाडजवळ पानेवाडी परिसरात टँकरमधील भेसळीचा प्रकार पाहून तेथेच चौकशी आरंभली. त्यांना जिवंत जाळण्यात आले. मनमाडच्या तेलडेपोंमधून निघणाऱ्या टँकरांची ती वाट होती. निषेधार्थ 27 जानेवारीस राज्यभरातील सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवले. ज्या अधिकाऱ्याने जागेवरच पुरावा गोळा करण्याचा आग्रह धरला त्याचा त्या आग्रहापायी प्राण गेला, हे या इतिहासाचे सर्वांत कठोर वाक्य होय.

पुढे डिझेलचे भाव 2014 मध्ये नियंत्रणमुक्त झाले आणि रॉकेलवरील अनुदान क्रमाक्रमाने ओसरले. शिधापत्रिकेवरील रॉकेल डिझेलात ओतण्यामागील लाभ त्यामुळे पुष्कळ घटला. तथापि पाणी, गंज आणि बुरशी यांना भावातील फरकाशी कर्तव्य नाही. म्हणून आजच्या मोटारमालकापुढे जो संशय उभा राहतो तो पूर्वीपेक्षा अधिक वेळा दूषणाचा असण्याचा संभव आहे. भाषेत मात्र जुनाच शब्द टिकून आहे.

संशयाचे पुराव्यात रूपांतर कसे व्हावे, याचे उत्तरही या इतिहासातच आहे. समजा, डिझेलची घनता दर घनमीटरास 840 किलोग्रॅम आहे आणि त्यात 800 घनतेचे रॉकेल शेकडा 15 या प्रमाणात मिसळले. मिश्रणाची घनता 834 भरेल. मानकाची मर्यादा याहून बरीच रुंद असल्याने हे मिश्रण मानकाच्या कसोटीस सहज उतरते. परंतु प्रत्येक पंपावर त्या दिवशीच्या मालाची घनता नोंदवलेली असते, आणि 15 अंश तापमानास आणलेल्या मापात तिच्याशी 3 किलोग्रॅमपेक्षा अधिक तफावत संशयास्पद मानतात. येथे तफावत 6 ची आहे. म्हणजे सर्वसाधारण मानक जे लपवते ते त्या दिवसाची नोंदवही उघड करते. ग्राहकास पंपावर घनतामापक व तापमापक मागता येतात. टाकीतील पाणी तपासण्याचा लेपही तेथे असतो, पाण्याशी स्पर्श होताच त्याचा रंग पालटतो.

म्हणून गाडी अडखळताच यंत्र पुन्हा पुन्हा सुरू करण्याचा मोह आवरावा, कारण प्रत्येक प्रयत्नासरशी कीस पुढे सरकतो. पावती जपावी. टाकीतील व फिल्टरमधील इंधन साक्षीदारांसमक्ष स्वच्छ बाटल्यांत काढून मोहोरबंद करावे, आणि काढलेला फिल्टर फेकू देऊ नये. मेकॅनिकचे निदान लेखी घ्यावे. त्यात 'भेसळ' हा निष्कर्ष नसून 'तळाशी पाणी', 'धातूचा कीस' अशी निरीक्षणे असावीत. त्याच दिवशी पंपावर घनतेची नोंद पाहावी, तेल कंपनीकडे लेखी तक्रार करावी, आणि गरज पडल्यास 2019 च्या कायद्यान्वये ग्राहक आयोगाकडे जावे. मालकाचा 'इतर कोणाची तक्रार नाही' हा युक्तिवादही मग निर्णायक राहत नाही. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी राहते, आणि टाकीतील साठा खालावला असता किंवा नुकताच टँकर रिता झाल्याने तळ ढवळला असता, ते एखाद्याच गाडीच्या वाट्यास अधिक येणे शक्य असते.

सारांश, ज्या इंधनात काय मिसळले हे ठाऊक नाही त्यास आधीच 'भेसळयुक्त' म्हणणे म्हणजे निकाल देऊन मग साक्ष शोधणे होय. आधी जे दिसले त्याचे नाव लिहावे, कर्त्याचे नाव नंतर. लेखकास हा धडा एका पंपाच्या किमतीत मिळाला. पानेवाडीच्या रस्त्यावर पुराव्याचे जे मोल दिले गेले त्यापुढे ती किंमत काहीच नव्हे.