सिन्नर विशेष आर्थिक क्षेत्र

सिन्नर विशेष आर्थिक क्षेत्र : नाशिक-पुणे रस्त्यावर, नाशिकपासून सुमारे ३० किलोमीटरांवर असलेल्या सिन्नर तालुक्यात, मुसळगाव व गुळवंच या गावांच्या शिवारात एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आखलेला औद्योगिक प्रकल्प. त्यासाठी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने शेतकऱ्यांकडून संपादित केलेली २,५०० एकरांहून अधिक जमीन, महामंडळाचा अल्प हिस्सा ठेवून, इंडियाबुल्स या खासगी उद्योगसमूहाने स्थापिलेल्या कंपनीच्या स्वाधीन झाली. खासगी धनसत्तेला राज्यसत्तेचे पाठबळ मिळाले आणि त्या पाठबळाचा हिशेब मागण्याची तरतूद मात्र राहून गेली, म्हणजे काय घडते, हे या प्रकल्पाच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

पूर्वपीठिका : कंपनीसाठी सरकारने रयतेची जमीन सक्तीने घ्यावी, ही पद्धत ब्रिटिश अमदानीतील आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात कंपन्यांसाठी जमीन घेण्याचे स्वतंत्र प्रकरणच होते. त्या कायद्याच्या आधारे पुणे जिल्ह्यातील मुळशी पेट्यात, मुळा व नीला या नद्यांच्या संगमाजवळ, टाटांच्या वीज कंपनीने धरणाचे काम आरंभिले, तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव उर्फ सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे यांनी चालविलेला, ‘जान किंवा जमीन’ या घोषणेने गाजलेला हा लढा १९२४ पर्यंत टिकला. पण धरण झाले, गावे बुडाली आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. त्या खोऱ्यातील पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेलेली असल्यामुळे मोबदल्याच्या वाटाघाटीत कागदोपत्री मालक असलेल्यांचा शब्द चालला, आणि पिढ्यान्‌पिढ्या भातखाचरे कसणाऱ्या कुळांच्या पदरी विस्थापन आले. सार्वजनिक प्रयोजन कोणते हे सरकारने एकतर्फी ठरवावे आणि नुकसान कोणाचे हे दफ्तरातील नोंदीने ठरावे, हे दोन्ही दोष पुढील शतकातही कायम राहिले.

कायद्याची चौकट : विशेष आर्थिक क्षेत्र अधिनियम २००५ मध्ये संमत होऊन १० फेब्रुवारी २००६ पासून अमलात आला. त्याने ही क्षेत्रे जकातीच्या दृष्टीने देशाच्या सीमेबाहेरची मानली आणि तेथील कारखानदारांना निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षे संपूर्ण व पुढील पाच वर्षे निम्मी प्राप्तिकर-माफी दिली. महाराष्ट्रात जमिनीची तरतूद प्रामुख्याने महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ या राज्य कायद्यानुसार झाली. लहान-मोठ्या उद्योगांसाठी वसाहती वसवाव्यात या हेतूने केलेल्या त्या कायद्यातील संपादनाचा अधिकार एकाच समूहासाठी अवघे शिवार गोळा करण्याच्या कामी आला. एप्रिल २००७ मध्ये केंद्रीय मंत्रिगटाने अशा खासगी क्षेत्रांसाठी राज्य सरकारांनी सक्तीने जमीन संपादन करू नये, असे ठरविले. ही पद्धत अन्यायकारक असल्याची ती कबुलीच होती.

जमीन व वीजप्रकल्प : सिन्नरचा पूर्वभाग अवर्षणप्रवण आहे. विडी वळण्याच्या धंद्यासाठी ख्यातनाम असलेल्या या तालुक्यात कारखाना आला तर मुलांना काम मिळेल, ही आशा जमीन देणाऱ्या शेतकऱ्यांनाही होती, आणि ती अवाजवी मुळीच नव्हती. या क्षेत्रात प्रामुख्याने उभे राहिले ते कोळशावर चालणारे, प्रत्येकी २७० मेगावॅटच्या पाच संचांचे, एकूण १,३५० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक विद्युत केंद्र. समूहाच्या विभाजनानंतर ते रतनइंडिया या नावाखाली गेले. कोळसा आणण्यासाठी लागणारा लोहमार्ग वेळेवर पुरा झाला नाही, वीज विकत घेण्याचा दीर्घ मुदतीचा करार अमलात आला नाही, आणि हजारो कोटी रुपयांची यंत्रसामग्री निष्क्रिय पडून राहिली. सिन्नर थर्मल पॉवर ही कंपनी २०२२ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढील दिवाळखोरीच्या कारवाईत दाखल झाली. या कंपनीला कर्ज देणाऱ्यांत सरकारी वित्तसंस्था प्रमुख होत्या. म्हणजे जमीन जनतेची, कर्ज जनतेच्या ठेवींचे व करांचे, आणि अपयशाचा भारही पुन्हा जनतेवरच. ज्यांची नावे सातबाऱ्यावरून उतरली त्यांना दिवाळखोरीच्या कारवाईत धनको म्हणूनही स्थान नाही.

याच मुसळगावात लहान कारखानदारांनी उभारलेली सिन्नर तालुका औद्योगिक सहकारी वसाहत आहे. तेथे भूखंड अनेकांचे, कारभारी सभासदांनी निवडलेले आणि चुकीचा जाब विचारण्याची जागा वार्षिक सभा. दुष्काळी मुलखात उद्योग वाढावा ही गरज दोन्ही प्रकल्पांमागे सारखीच होती. फरक उत्तरदायित्वाचा आहे.

पाणी : जमिनीपाठोपाठ पाण्याचाही प्रश्न येतो. २००३ च्या राज्य जलनीतीने पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाला आणि त्यानंतर शेतीला क्रम दिला. धरणांतील सिंचनाचे पाणी उद्योगांकडे वळविण्याचे निर्णय मंत्र्यांच्या उच्चाधिकार समितीत होत गेले. इंडियाबुल्स समूहाच्याच अमरावतीजवळील वीजप्रकल्पाला ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी देण्याविरुद्ध विदर्भात मोठे आंदोलन झाले. अखेर २०११ मध्ये शासनाने क्रम बदलून शेतीला दुसरे स्थान दिले.

प्रतिकार व अन्यत्रचा अनुभव : रायगड जिल्ह्यात रिलायन्स समूहाच्या महामुंबई क्षेत्राविरुद्ध ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत शासनाने शेतकऱ्यांचे मत अजमावले. पुढे तेथील संपादन तडीस गेले नाही. गोव्यात लोकक्षोभापुढे नमून सरकारने डिसेंबर २००७ च्या अखेरीस अशी सर्व क्षेत्रे रद्द करण्याची घोषणा केली. सिन्नरला मात्र कब्जा आधी गेला आणि जमीन परत मिळावी ही मागणी नंतर करावी लागली. हा अनुभव ताजा असल्यामुळेच २०१७ मध्ये समृद्धी महामार्गाच्या मोजणीला याच तालुक्यातील शिवडे गावाने विरोध केला, तेव्हा शासनाच्या आश्वासनांवर विश्वास ठेवणे गावकऱ्यांना कठीण गेले.

हा प्रश्न एका तालुक्यापुरता नव्हता. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१४ च्या अहवालानुसार देशात अशा क्षेत्रांसाठी अधिसूचित झालेल्या सुमारे ४५,६३५ हेक्टर जमिनीपैकी केवळ ६२ टक्के जमिनीवर प्रत्यक्ष काम सुरू झाले होते.

मूल्यमापन : धनिकाजवळ कितीही द्रव्य असले तरी ‘देत नाही’ म्हणणाऱ्या शेतकऱ्याची जमीन तो घेऊ शकत नाही, ते सामर्थ्य एकट्या सरकारचे आहे, आणि म्हणून धनसत्तेवर अंकुश ठेवावयाचा तर तो सरकार हे सामर्थ्य तिला उसने देते त्या ठिकाणीच ठेवला पाहिजे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने खासगी कंपनीसाठी ८० टक्के, तर सार्वजनिक-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती आवश्यक ठरविली आणि पाच वर्षे विनावापर पडलेली जमीन मूळ मालकाला अथवा सरकारी भूमिपेढीला परत करण्याचे तत्त्व घातले. पहिली अट न्याय्य आहे. दुसरीतील ‘अथवा’ घातक आहे, कारण भूमिपेढीत गेलेली जमीन पुन्हा दुसऱ्या कंपनीला देता येते. संपादनाच्या निवाड्यातच मुदत लिहावी, मुदत संपताच जमीन मूळ खातेदाराच्या अथवा त्याच्या वारसाच्या नावे फेरफाराने परत चढावी, ती वित्तसंस्थेकडे गहाण पडली असली तरी हा हक्क अग्रक्रमाचा मानावा, आणि राज्याचे औद्योगिक कायदेही याच अटींना बांधलेले असावेत, एवढे झाल्याविना उद्योगासाठी जमीन मागण्याचा नैतिक अधिकार कोणत्याही सरकारला उरत नाही. उद्योग हवेत, पण ज्याच्या शिवारात ते उभे राहतात त्याला हिशेब मागण्याचा हक्क कायद्याने मिळाला, तरच त्या उद्योगाला लोकहिताचे म्हणता येईल.