संयुक्त औषधोपचाराची चाचणी, प्रगत कर्करोगातील : रुग्णाचा सहभाग

कर्करोग मूळ जागेवरून इतरत्र पसरला असताना किंवा शस्त्रक्रिया-किरणोपचारांनंतर पुन्हा उलटला असताना दोन वा अधिक औषधे एकत्र दिली, तर उपयोग किती आणि त्रास किती, हे नियमबद्ध रीतीने पडताळणारा अभ्यास. रुग्णालयात डॉक्टरांपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळे त्याला ‘ट्रायल’च म्हणतात. एका औषधाला दाद न देणाऱ्या पेशी दुसऱ्याच्या तडाख्यात सापडाव्यात आणि दोन्हींचा त्रास एकाच अवयवावर पडू नये, हा संयोगामागचा विचार. १९६०च्या दशकात अमेरिकेत हॉजकिन्स या लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या रुग्णांना चार औषधे एकत्र देण्यात आली, तेव्हापासून तो रुळला.

मुंबईच्या विलेपार्ल्यात स्वामी विवेकानंद मार्गावर नानावटी रुग्णालय आहे. पण या विषयात मुंबईचे नाव जगभर झाले ते परळच्या टाटा मेमोरियलमुळे (स्थापना १९४१). पार्ल्याहून धीमी लोकल पकडून प्रभादेवीला उतरायचे आणि पुढे पायी किंवा टॅक्सीने जायचे. लोकलमधला दिव्यांगांचा डबा कर्करोगाच्या रुग्णांसाठीही राखीव असतो. ट्रायलमध्ये ठरल्या दिवशी रक्ततपासणी आणि ठरल्या आठवड्याला स्कॅन चुकवून चालत नाही. त्यामुळे घर किती लांब, हा प्रश्न इथे वैद्यकीयच ठरतो. विदर्भातून आलेल्या कुटुंबाला त्यासाठी परळच्या आसपास बिऱ्हाड थाटावे लागते. पार्लेकर संध्याकाळी घरी परततो.

टाटामधील डोके-मान कर्करोगाच्या दोन चाचण्या मुद्दाम सांगण्याजोग्या आहेत. तंबाखू-गुटख्याच्या या देशात हा आजार फार, आणि त्यावरची नवी महागडी औषधे आपल्यासारख्या देशांत जेमतेम १ ते ३ टक्के रुग्णांना परवडतात. २०१६ ते २०२० या काळात ४२२ रुग्णांवर झालेल्या पहिल्या चाचणीत एका गटाला शिरेतून सिसप्लॅटिन दिले. दुसऱ्या गटाला गोळ्या दिल्या : आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, दिवसातून दोनदा सेलेकॉक्सिब. पहिले औषध संधिवातासाठीही देतात, दुसरे सांधेदुखीवरची वेदनाशामक गोळी. दोन्ही कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळतात. गोळ्यांच्या गटात मध्यक आयुर्मान ७.५ महिने, सिसप्लॅटिनच्या गटात ६.१ महिने निघाले. तीव्र दुष्परिणाम अनुक्रमे १९ आणि ३० टक्क्यांना झाले. विजय पाटील, वनिता नोरोन्हा, कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०२०मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला.

दुसरीत १५१ रुग्ण होते. मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि अर्लोटिनिब या तीन गोळ्या सर्वांना, आणि निम्म्यांना त्यावर निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्तीला चालना देणारे औषध, दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम. एरवी त्याची मात्रा दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम असते. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. तुलनेचा गट आंतरराष्ट्रीय प्रमाण उपचारापेक्षा साधा होता, असा आक्षेप अशा चाचण्यांवर घेता येतो. पण जे औषध रुग्णाला विकतच घेता येत नाही, त्याच्याशी तुलना करून त्याच्या पदरात काय पडणार, हा उलट प्रश्न प्रस्तुत लेखकाला अधिक वजनदार वाटतो. मात्र ‘ट्रायल यशस्वी’ हे शब्द घरच्यांच्या कानावर पडतात तेव्हा त्यांना ‘बरा होणार’ असे ऐकू येते. वरचे आकडे महिन्यांचे आहेत.

प्रवेश सर्वांना नसतो. रुग्णाच्या हिंडण्याफिरण्याची क्षमता ० ते ५ अशा मापाने मोजतात. ० म्हणजे ठणठणीत, ५ म्हणजे मृत्यू. बहुतेक चाचण्या ० किंवा १ वाल्यांनाच घेतात. मूत्रपिंड, यकृत आणि रक्तपेशी ठरलेल्या मर्यादेत लागतात. अंथरुणाला खिळलेला रुग्ण, म्हणजे ज्याला आशेची सर्वाधिक गरज, तो इथेच गळतो. कोणता गट मिळणार हे डॉक्टर ठरवत नाहीत, संगणक ठरवतो. ‘साहेब, आमच्या पेशंटला नवीनवाला द्या’ या विनंतीचा उपयोग नसतो. पुढे स्कॅनवर गाठींच्या व्यासांची बेरीज ३० टक्के घटली तर अंशतः प्रतिसाद, २० टक्के वाढली तर आजार बळावला असे धरून औषध थांबवतात.

संमतिपत्र रुग्णाला समजणाऱ्या भाषेत हवे, आणि वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना त्रयस्थ साक्षीदार लागतो. मुंबईत ही कागदपत्रे मराठीतही असतात, पण ‘यादृच्छिकीकरण’सारख्या शब्दांपाशी वाचणारा अडखळतोच. ‘चिठ्ठ्या टाकून’ असे लिहिले तर आजीलाही कळेल. कागद घरी नेऊन दोन दिवस वाचावा, घाईने सही करू नये. ‘आपल्यावर प्रयोग करतायत’ ही भीती बोलून दाखवण्यात गैर काही नाही. सहभागी केव्हाही बाहेर पडू शकतो आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. कोणती औषधे फुकट आणि कोणत्या तपासण्यांचे पैसे आपल्याला भरायचे, हे आधी विचारून घ्यावे. चाचणी खरी आहे का, हे २००७मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय चाचणी-नोंदवहीच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते.

नव्या औषधांच्या चाचण्यांना २०१९चे नियम लागू आहेत. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई मिळते. मृत्यूच्या भरपाईचे सूत्र ८ लाख रुपयांच्या पायावर, वय आणि आजाराची जोखीम धरून चालते. निरोगी स्वयंसेवकासाठी गुणक ४, तर सहा महिन्यांपेक्षा अधिक जगण्याची अपेक्षा नसलेल्यासाठी ०.५; प्रगत कर्करोगाचे अनेक रुग्ण या खालच्या टोकाकडे येतात. चाचणी संपल्यावर औषध गुणकारी ठरलेल्या आणि दुसरा पर्याय नसलेल्या रुग्णाला ते पुढेही विनामूल्य मिळू शकते. मात्र त्यासाठी चाचणी घेणाऱ्या डॉक्टरांची शिफारस आणि नैतिकता समितीची मंजुरी लागते, आणि ती कशी मागायची हे सही करतानाच विचारून ठेवावे.